चौसष्ट आवाजांची प्रत

सासरे मेच्या अखेरीस इंग्लंडमध्ये, आमच्याकडे रीडिंगला आले तेव्हा त्यांच्याबरोबर दोन बॅगा आणि एक लांब पत्र्याची पेटी होती. बॅगा हीथ्रोच्या पट्ट्यावर वेळेत आल्या. पेटी अवजड सामानाच्या दारातून चाळीस मिनिटांनी आली. तेवढ्या वेळात ते एकदाच बोलले.

"फोडली असणार."

फोडली नव्हती. पेटीत एक जुना जपानी सिंथेसायझर होता. एकसष्ट पट्ट्यांचा, मुंबईत सेकंडहँड घेतलेला. दिवसा सरकारी नोकरी आणि संध्याकाळी पुण्यातला ऑर्केस्ट्रा, अशी सव्वीस वर्षं त्यांनी या यंत्रावर काढली होती. निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली होती. मुलाकडे सहा महिने राहायला येताना एवढं ओझं कशाला, असं नवऱ्याने फोनवर विचारलं होतं. सहा महिने ते पुण्यात कोणाच्या भरवशावर ठेवायचं, असा त्यांचा उलट प्रश्न होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी जेवणाच्या टेबलावर त्यांनी ते सुरू केलं. छोट्या पडद्यावर आवाजाच्या नावाऐवजी बॅटरी संपत आल्याची सूचना आली. त्यांनी बंद केलं, पुन्हा सुरू केलं. सूचना पुन्हा आली.

या यंत्राच्या स्मृतीत चौसष्ट जागा असतात. कारखान्यातून आलेले आवाज त्यांनी केव्हाच पुसून टाकले होते आणि सगळ्या जागांवर स्वतः बनवलेले आवाज ठेवले होते. त्यात एक सनई होती. संबळ, तुतारी, दोन प्रकारच्या बासऱ्या होत्या. यंत्र बंद असताना ही स्मृती आतली एक नाण्याएवढी बॅटरी जिवंत ठेवते. ती संपली की चौसष्ट आवाज जातात. बदलण्यासाठी बाहेर काढली तरी जातात. त्यामुळे मार्ग एकच होता. स्मृतीची प्रत आधी कॉम्प्युटरमध्ये घ्यायची, मग बॅटरी बदलायची, मग प्रत परत यंत्रात भरायची. डिसेंबरमध्ये पुण्यात त्यांच्या ऑर्केस्ट्राच्या जुन्या वादकांचा एक कार्यक्रम ठरला होता. त्यात त्यांना ती सनई वाजवायची होती, आणि ती सनई दुसरीकडे कुठेच नव्हती.

इतक्या वर्षांत त्यांनी प्रत का घेतली नाही, हे मी विचारलं. अशा यंत्रांसाठी स्मृतीचं एक छोटं कार्ड तेव्हा मिळायचं.

"कार्ड खिशात जातं," ते म्हणाले. "मशीन जात नाही."

काम माझ्याकडे आलं, कारण मी घरी होते. माझी नोकरी मार्चमध्ये गेली होती. नवरा तीन दिवस लंडनला आणि दोन दिवस वरच्या खोलीत काम करत असे, आणि त्याच्या ऑफिसच्या लॅपटॉपला बाहेरची कुठलीही वायर चालत नव्हती. घरचा कॉम्प्युटर जुना होता. गल्लीतलं एक कुटुंब घर बदलून गेलं तेव्हा त्यांच्याकडून घेतलेला. एका पगारावर घराचे हप्ते चालू होते, म्हणून या कामावर तीस पौंडांच्या वर खर्च करायचा नाही असं ठरलं.

सासऱ्यांचं आणि माझं पहिल्यापासून पटत नव्हतं. त्याला एक निश्चित कारण होतं. लग्नाआधी मी पुण्यात एका दैनिकात वार्ताहर होते. त्यांच्या घरी चहाला गेले असताना, एका मंडळाचा कार्यक्रम ठरलेल्या वेळेनंतरही चालणार आहे, पोलिसांचं बघून घेतलंय, असं ते बोलता बोलता म्हणाले. मी त्यावर बातमी केली. त्यांचं नाव घातलं नाही. कार्यक्रम बंद पडला, आणि मंडळाने पुढच्या वर्षी त्यांच्या ऑर्केस्ट्राला बोलावलं नाही. 'हे छापू नकोस' असं आपण म्हटलं होतं, असं त्यांचं म्हणणं. त्यांनी तसं म्हटलं नव्हतं, असं माझं. ते चार माणसांत माझी ओळख 'आमची सून' अशी करून देतात आणि घरात मला 'वार्ताहर' म्हणतात.

पहिली वायर मी ऑनलाइन मागवली. सहा पौंडांची. एका टोकाला कॉम्प्युटरमध्ये घालायची चपटी पिन, दुसऱ्या टोकाला पाच काट्यांच्या दोन गोल पिना. एकीवर 'इन' लिहिलेलं, दुसरीवर 'आउट'. जुन्या वाद्यांना मिडी नावाची जोडणी असते, तिची सॉकेटं अशीच गोल असतात आणि त्यांच्यावरही हेच शब्द लिहिलेले असतात. मी 'इन'ची पिन 'इन'मध्ये आणि 'आउट'ची 'आउट'मध्ये घातली. काहीच झालं नाही. फुकटचा एक प्रोग्रॅम उतरवून घेतला, काढला, दुसरा घेतला. कॉम्प्युटर तीनदा बंद करून सुरू केला. दीड तास गेला. सासरे सोफ्यावर बसून बघत होते. शेवटी मी पिना उलट्या घातल्या. पट्टी दाबली की कॉम्प्युटरच्या पडद्यावर हिरवी खूण उमटू लागली. यंत्रातून जे बाहेर येतं ते कॉम्प्युटरच्या आत जायला हवं, इतकं ते साधं होतं.

"तुम्हाला माहीत होतं?" मी विचारलं.

"सव्वीस वर्षं वाजवतोय."

"मग बोलला का नाहीत?"

"तू विचारलंस कुठे? तुम्ही लोक विचारता ते फक्त छापायचं असेल तेव्हा."

त्या दुपारी मी पूर्ण स्मृतीची पहिली प्रत घेतली. यंत्रावर दोन बटणं दाबली की ते सगळे आवाज एका दमात वायरीवरून पाठवतं. काही सेकंद लागतात. फाइल तयार झाली. सासरे म्हणाले, झालं, आता बॅटरी काढा. मी नाही म्हटलं. बातमी दोन ठिकाणांहून पक्की झाल्याशिवाय द्यायची नाही, ही माझी सवय होती. मी लगेच दुसरी प्रत घेतली आणि दोन्ही शेजारी ठेवल्या. दुसरी पहिलीपेक्षा लहान होती. तिसरी घेतली. ती आणखी वेगळी निघाली.

कारण शोधायला दोन संध्याकाळी लागल्या. स्वस्त वायरींच्या मधल्या डबीत जेमतेम जागा असते. एक सूर म्हणजे अगदी छोटा निरोप. तो नीट जातो. पूर्ण स्मृती हा एकच लांबलचक निरोप असतो, आणि त्यातले तुकडे ही डबी गाळते. तालुक्याचा बातमीदार फोनवर बातमी सांगायचा तेव्हा मथळा नीट यायचा आणि मजकुरातल्या ओळी गळायच्या, तसंच हे होतं. मी हे सासऱ्यांना सांगितलं.

"सहा पौंडांचं आणलंस. सहा पौंडांत सहा पौंडांचंच येतं."

"तीस पौंडांतच करायचं आहे, बाबा."

"माझ्या पेन्शनमधून घे की. की तेही तुमच्या इथे चालत नाही?"

मी त्यांच्या पेन्शनमधून घेतले नाहीत. न्यूबरीतल्या एका निवृत्त संगीत शिक्षकाने जुनी मिडीची डबी विकायला काढली होती. टपालखर्चासह अठरा पौंड. ती चार दिवसांनी आली. जाड धातूची होती, आणि तिच्या तळाला शाळेचं खोडून टाकलेलं लेबल होतं. कंपनीने तिचं सॉफ्टवेअर अद्ययावत करणं केव्हाच सोडून दिलं होतं. जुनी आवृत्ती शोधून बसवेपर्यंत सोमवार संपला.

मंगळवारी सकाळी दहाला मी एक प्रत घेतली. दुपारी दोनला दुसरी आणि पाचला तिसरी. यंत्र तापल्यावर काही फरक पडतो का ते बघायचं होतं, म्हणून मुद्दाम अंतर ठेवलं. तिन्हींचा आकार तंतोतंत सारखा आला. मी प्रोग्रॅमला आतला मजकूर ताडून बघायला सांगितला. पहिली दुसरीसारखी नव्हती, दुसरी तिसरीसारखी नव्हती.

मी त्या शिक्षकाला लिहिलं, की तुमची डबी सदोष आहे, जाहिरातीत तसा उल्लेख नव्हता, पैसे परत करावेत. सभ्य भाषेत लिहिलं होतं, पण अर्थ तुम्ही फसवलंत असाच होता. उत्तर त्याच संध्याकाळी आलं. नऊ वर्षं वर्गात वापरलेली वस्तू आहे, असं त्यात होतं. पुढचं वाक्य असं: "आरोप करण्यापूर्वी फरक नेमका कुठे आहे ते आपण पाहिलंत का?"

मी पाहिलं नव्हतं. नव्या वार्ताहरांना मी पहिल्या दिवशी जे सांगायचे, ते मीच केलं नव्हतं.

बुधवारी सकाळी मी तिन्ही फाइली शेजारी शेजारी उघडल्या. बराचसा मजकूर आकड्यांचा, वाचता न येणारा. पण ठरावीक अंतरावर आवाजांची नावं साध्या इंग्रजी अक्षरांत दिसत होती. गळती असती तर फरक कुठेही विखुरलेला दिसला असता. इथे तो तसा नव्हता. मंगळवारी दहाला बाविसाव्या जागी 'ब्रास थ्री' होता. दोनला तिथे 'फ्लूट' होती, आणि 'ब्रास थ्री' एक्केचाळिसाव्या जागी गेला होता, सगळ्या आकड्यांसकट. अशा अकरा जागा बदलल्या होत्या. पाचपर्यंत आणखी सात. चार ठिकाणी आवाज तोच राहून नुसतं नाव बदललं होतं.

सासरे रोज अकराला फिरायला जात. त्या दिवशी ते बाहेर पडल्यावर मी लागोपाठ दोन प्रती घेतल्या. त्या अक्षर न् अक्षर सारख्या निघाल्या. डबी ठीक होती. मी शिक्षकाची लेखी माफी मागितली. त्यांनी 'आभारी आहे' एवढंच कळवलं.

सासरे परत आले तेव्हा मी टेबलाशीच बसले होते.

"बाबा, बावीस नंबरला काय आहे?"

"का?"

"काल सकाळी ब्रास थ्री होता. दुपारी फ्लूट झाली."

"जुनं मशीन आहे. विसरतं."

"मशीन विसरलं तर कचरा दिसतो. स्पेलिंग बरोबर असलेली फ्लूट दिसत नाही."

त्यांनी कोट काढला, खुंटीला लावला. "चहा टाक."

"आधी सांगा."

"तू काय माझी मुलाखत घेतेयस?"

"तुमच्यामुळे मी एका सभ्य माणसाला चोर ठरवलं. पत्र लिहून."

"मग? तुला सवय आहे."

चहा शेवटी त्यांनीच टाकला, एका कपाचा, आणि उभ्यानेच सांगितलं. ते लिहून घ्यायला मला परवानगी नव्हती. पुढचं आठवणीतून आहे.

ऑर्केस्ट्रात की-बोर्डवाल्याचं नाव त्याच्या आवाजांवर असतं. बोटं दहा जणांची चालतात. सनई एकाचीच रडते. मध्यंतरात एक जोडीदार त्यांच्या जागेवर बसायचा, कारण दोघांत एकच यंत्र होतं. तो एका छोट्या डायरीत पडद्यावरचे आवाजांचे आकडे उतरवून घेत होता, हे त्यांना कळलं नाही. पुढच्या महिन्यात साताऱ्याला दुसऱ्या पार्टीच्या कार्यक्रमात त्यांनी प्रेक्षकांत बसून स्वतःची सनई ऐकली. तेव्हापासून त्यांनी यंत्राच्या पडद्यावर रुमाल टाकून वाजवायला सुरुवात केली. आवाजांना खोटी नावं दिली. सनईचं नाव 'इलेक्ट्रिक पियानो टू' होतं, खऱ्या पियानोचं नाव 'सितार'. आणि यंत्र दुसऱ्या कोणाच्या हातात जाणार असेल, दुरुस्तीला, टेम्पोत, उसन्या वादकाकडे, तर त्याआधी ते आवाजांच्या जागा बदलून ठेवत. कुठला आवाज कुठे गेला याची नोंद कागदावर नसे.

"पण इथे कोण आहे? इथे फक्त मी आहे."

"तेच म्हणतोय."

"मी तुमची सनई घेऊन काय करणार?"

"त्या वेळी तरी मी बोललेलं घेऊन काय करणार होतीस? दुसऱ्या दिवशी गावभर झालं."

"तुम्ही छापू नको म्हणाला नव्हता."

"म्हणालो होतो. आणि नसेन म्हणालो, तर आता म्हणतो. हे बाहेर जाता कामा नये."

त्यांनी अटी घातल्या. यंत्रावरची बटणं तेच दाबणार. प्रत घेताना घरातलं इंटरनेट बंद. प्रत परत यंत्रात भरली की कॉम्प्युटरवरच्या सगळ्या फाइली काढून टाकायच्या, त्यांच्यासमोर. मी हो म्हटलं.

शुक्रवारी त्यांनी सगळे आवाज मूळ जागी नेले. त्यासाठी दोन तास लागले, आणि तेवढा वेळ मी स्वयंपाकघरात थांबावं असं त्यांनी सांगितलं. मग ते भिंतीजवळ गेले आणि वाय-फायच्या डबीची वायर उपटली. वरच्या खोलीतून नवऱ्याचा आवाज आला.

"अगं, नेट गेलं! मी मीटिंगमध्ये आहे!"

"बाबांनी काढलंय."

"बाबा, माझे बारा लोक लाइनवर आहेत!"

"म्हणूनच काढलंय," सासरे वर न बघता म्हणाले.

नवरा जिन्यात आला, टेबलाकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. "तुम्ही दोघं मला एक दिवस नोकरीवरून घालवणार," म्हणाला आणि फोनवरून मीटिंग जोडायला वर गेला.

दोन प्रती घेतल्या. सारख्या निघाल्या.

त्या संध्याकाळी सासरे आंघोळीला गेले असताना मी त्यातली एक पेनड्राइव्हवर घेतली आणि तो माझ्या जुन्या कात्रणांच्या ड्रॉवरमध्ये ठेवला. एकच प्रत असलेला कागद टेबलावर सोडायचा नाही, हे मला नोकरीने शिकवलं होतं, आणि त्यांच्या भल्यासाठी ठेवली असं सांगणं आता सोयीचं आहे. ते खरं नाही. मी ते ठरवलं ते त्यांनी वायर उपटली त्या क्षणी.

बॅटरी बदलायचं काम शनिवारी होतं. आमच्या भागात एका चर्चच्या हॉलमध्ये महिन्यातून एकदा रिपेअर कॅफे भरतो. निवृत्त लोक टोस्टर, दिवे, शिलाई मशिनं फुकट दुरुस्त करून देतात. देणगीच्या डब्यात वाटतील तेवढे पैसे टाकायचे. आमचा नंबर आला तो सत्तरीच्या पुढच्या एका इंजिनियरसमोर. त्याने झाकण उघडलं. बॅटरी सोल्डर करून चिकटवलेली होती. ती काढून तिथे खोबणी बसवतो, म्हणजे पुढच्या वेळी नाणं नुसतं सरकवून बदलता येईल, असं तो म्हणाला. सासऱ्यांचा एक हात सगळा वेळ यंत्रावर होता. सोल्डरची तापलेली कांडी खाली आणता येईना, तेव्हा इंजिनियरने माझ्याकडे बघितलं.

"बाबा, हात काढा. भाजेल."

"भाजू दे."

"बॅकअप आहे ना तुमच्याकडे?" इंजिनियरने विचारलं. सासऱ्यांनी मी भाषांतर करण्याची वाट बघितली नाही.

"टेम्पररी," ते इंग्रजीत म्हणाले.

"टाकून देण्यासाठी कोणी बॅकअप घेत नाही," इंजिनियर म्हणाला, आणि कांडी टेकवली. सासऱ्यांनी हात काढला.

नवी बॅटरी बसवून यंत्र सुरू केलं तेव्हा पडद्यावर नावांच्या जागी चौकोन, उद्गारचिन्हं आणि तुटकी अक्षरं होती. सासऱ्यांनी एकेक करून चौसष्ट जागा बघितल्या. सगळीकडे तेच. पट्टी दाबल्यावर रेडिओचं स्टेशन सुटल्यासारखी घरघर आली. शेजारच्या टेबलावरची, टोस्टर घेऊन आलेली बाई वळून बघू लागली. ते प्लास्टिकच्या खुर्चीवर बसले.

घरी मी प्रत यंत्रात भरली. त्यांनी यंत्र उचललं, तोंड भिंतीकडे करून पुन्हा ठेवलं, म्हणजे पडदा मला दिसणार नाही, आणि पहिल्या जागेपासून सुरुवात केली. चौसष्ट आवाज ऐकायला पाऊण तास लागला. सनई त्यांनी दोनदा वाजवली. ती चांगली होती. सूर चढताना किंचित फाटत होती, फुंक कमी पडल्यासारखी, आणि वरच्या सुरावर सावरत होती. मी तसं बोलले नाही. बोलले असते तर त्यांनी त्यातून दुसरा अर्थ काढला असता.

मग ते माझ्या खुर्चीमागे उभे राहिले.

"काढ."

मी फाइली काढल्या.

"ती टोपली पण."

मी रीसायकल बिन रिकामा केला.

"अजून कुठे?"

"नाही."

"नक्की?"

"नक्की."

त्यांना मी खोटं सांगितलं, असं इथे नोंदवते.

उरलेले महिने शांततेत गेले असं म्हणता येणार नाही. कमी बोलण्यात गेले. नोव्हेंबरच्या मध्यावर ते परतले. पेटी पुन्हा अवजड सामानात गेली. पुण्याला पोचल्यावर दुसऱ्या दिवशी त्यांनी मुलाला फोन केला. पडद्यावर चौकोन आणि उद्गारचिन्हं होती. त्यांनी झाकण उघडून बघितलं, तर नाणं खोबणीतून अर्धं बाहेर आलेलं. विमानात चढवताना-उतरवताना पेटी आपटली असावी. जुनी चिकटवलेली बॅटरी अशी सुटली नसती. कार्यक्रमाला तीन आठवडे होते.

नवऱ्याने फोन ठेवला आणि मला विचारलं, "तुझ्याकडे काही शिल्लक आहे का?"

"त्यांना विचारू दे."

"म्हणजे आहे."

"त्यांना विचारू दे म्हटलं ना."

"अगं, म्हातारा माणूस आहे तो. तीन आठवडे आहेत. तुला ते हात जोडून यायला हवेत का?"

"हात जोडायला नकोत. विचारायला हवं."

दोन दिवस फोन आला नाही. या दोन दिवसांत मी पेनड्राइव्ह एकदा कॉम्प्युटरला लावून फाइल उघडते का ते बघितलं. उघडत होती. मी फोन केला नाही. नवरा माझ्याशी त्या दोन दिवसांत कामापुरतं बोलला.

तिसऱ्या दिवशी दुपारी माझ्या मोबाइलवर सासऱ्यांचा नंबर आला. लग्नानंतर त्यांनी मला स्वतःहून केलेला तो पहिला फोन होता.

"जेवलात का?" मी विचारलं.

"ते राहू दे. फाइल तू काढली होतीस."

"हो. तुमच्यासमोर."

"सगळी?"

"एक प्रत आहे."

पलीकडे पंख्याचा आवाज येत होता.

"कुठे?"

"माझ्या ड्रॉवरमध्ये."

"कधीपासून?"

"त्या शुक्रवारपासून."

"म्हणजे मी विचारलं तेव्हा होती."

"होती."

"आणि नक्की म्हणालीस."

"म्हणाले."

"बघ," ते म्हणाले. आवाज चढला नव्हता. उलट इतक्या वर्षांत प्रथमच समाधानी वाटला. "मी लोकांना सांगायचो, माझी सून अशी आहे, तर मुलगा म्हणायचा तुमचा गैरसमज आहे."

"पाठवू का?"

"पाठव."

पाठवायची कशी, हा प्रश्न होता. त्यांच्याकडे कॉम्प्युटर नव्हता. वाद्यांच्या ज्या दुकानातून ते वायरी आणि पिना घेत, त्या दुकानदाराकडे होता, आणि मिडीची चांगली डबीही होती. फाइल त्या दुकानाच्या ईमेलवर पाठवावी लागली. मी पत्ता दोनदा विचारून पक्का केला आणि विषयाच्या जागी काहीच न लिहिता पाठवली. त्यांची सनई अशा रीतीने रीडिंगहून एका परक्या माणसाच्या टेबलावर गेली. भरणं होईपर्यंत सासरे त्याच्या शेजारी स्टुलावर बसून होते, आणि नंतर तिथली फाइल, तिथलं ईमेल आणि तिथली टोपली त्यांनी रिकामी करायला लावली, असं दुकानदाराने नवऱ्याला हसत सांगितलं. नाणं त्यांनी तिथेच चिकटपट्टी लावून पक्कं करून घेतलं.

संध्याकाळी मला त्यांचा मेसेज आला. "मिळाली. सगळे आवाज जागेवर. दुकानातली काढून घेतली. आता तुझ्याकडची काढ."

मी उत्तर लिहिलं, "काढणार नाही." एकदा खोटं सांगून झालं होतं, दुसऱ्यांदा सांगण्याची गरज वाटली नाही.

दोन निळ्या खुणा आल्या. उत्तर आलं नाही.

कार्यक्रम झाला. त्यांनी सनई वाजवली आणि लोकांनी ती पुन्हा मागितली, असं नवऱ्याला तिथल्या कोणीतरी कळवलं. ते त्यानंतर माझ्याशी बोललेले नाहीत. रविवारी फोन येतो तेव्हा मुलाशी बोलतात, आणि फोन स्पीकरवर असला तरी मी खोलीत नाही असं धरून बोलतात. दर दोन-तीन आठवड्यांनी, तब्येतीचं आणि हवेचं झालं की विचारतात, "आहे का अजून तिच्याकडे?"

नवरा माझ्याकडे बघतो. मी मान हलवते. तो "आहे" म्हणतो.

मग ते दुसऱ्या विषयाकडे वळतात.